माठ, कूलर, घाम अन् म्हैस: उन्हाळ्यात पडणाऱ्या प्रश्नांचं उत्तर

माझी भाची नववीत आहे. मागच्या आठवड्यात तिनं फोन केला अन् एका दमात विचारलं, "मामा, मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार राहते, मग पावसाळ्यात तोच माठ, तेच पाणी, तरी कोमट काहून लागते? कूलर जून लागला की नुसती चिकचिक काहून करते? मे मधी ४४ डिग्री असते तरी सावलीत बरं वाटते अन् जूनमधी ३६ असते तरी जीव काहून घाबरते? थंडीत विहिरीतून वाफा काहून निघतात? अन् म्हैसच काहून चिखलात बसते, बैल काहून नाही बसत?"

फोनवर मी तिला अर्धंमुर्धं सांगितलं कारण समोर गिऱ्हाईक मोटर घेऊन उभं होतं. पण रात्री डोक्यात तेच घोळत राहिलं. दर्यापूर तालुक्यात माझं कूलर, पंप अन् मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, २७ वर्षं झाली, आणि हेच प्रश्न लोक मला दरवर्षी विचारतात, कोणी कूलरबद्दल विचारतं, कोणी माठाबद्दल, पण या पाचातल्या चार प्रश्नांचं उत्तर एकच आहे हे कोणाला सांगितलं की पटकन खरं वाटत नाही. म्हणून निवांत बसून सगळं लिहून काढतोय, तिच्यासाठी पण अन् ज्यांना ज्यांना हे कोडं पडलंय त्यांच्यासाठी पण.

मूळ गोष्ट ही की पाणी जेव्हा उडून जातं तेव्हा ते रिकाम्या हातानं जात नाही, ज्याच्यावरून उडतं त्याची उष्णता घेऊन जातं. शाळेत याला बाष्पीभवन म्हणतात अन् पोरं व्याख्या पाठ करतात, पण केवढी उष्णता जाते हे कोणी सांगत नाही आणि खरी मजा त्या आकड्यात आहे. एक ग्रॅम पाणी एक डिग्रीनं तापवायला एक कॅलरी लागते. तेच एक ग्रॅम पाणी आपल्या हवेत उडवायला ५८० च्या आसपास कॅलरी लागतात! म्हणजे १० लिटरचा माठ असेल अन् त्यातून अर्धा पेला, १०० मिली धरा, पाणी बाहेर झिरपून उडालं, तर हिशोबानं आतल्या सगळ्या पाण्याचं तापमान जवळपास ६ डिग्रीनं उतरायला पाहिजे. प्रत्यक्षात बाहेरच्या गरम हवेतून थोडी उष्णता परत आत येत राहते म्हणून तेवढं उतरत नाही, पण अर्ध्या पेल्याची ताकद किती ते लक्षात आलं असेल.

आता ते उष्णता घेऊन जातं म्हणजे नेमकं काय होतं? भाचीला मी शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, उदाहरण दिलं. समजा पटावर पन्नास जोड्या आल्या, काही वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, काही मध्यम, काही जडच. आता सगळ्यात वेगवान दहा जोड्या बक्षीस घेऊन घरी निघून गेल्या. मागं ज्या उरल्या त्यांचा सरासरी वेग काढला तर तो कमीच भरणार ना, कोणी बैलांना दमवलं नाही, फक्त चपळ होते ते गेले. पाण्याचे कण पण असेच सारखे धावत असतात, जे जास्त जोरात धावतात तेच पाण्याचा पृष्ठभाग सोडून हवेत निघून जातात अन् मागं संथ कण उरतात. कणांचा वेग म्हणजेच उष्णता. वेगवान गेले की उरलेलं पाणी गार, एवढीच गोष्ट.

माठाला म्हणूनच भोकं पाहिजेत. डोळ्याला न दिसणारी. कुंभार मातीत राख, भुसा, काही ठिकाणी घोड्याची लीद मिसळतात, भट्टीत ते जळून जातं अन् तिथं बारीक बारीक जागा उरते, त्यातून पाणी झिरपत बाहेर येतं. बाजारात आता ऑइलपेंटनं रंगवलेले, फुलं काढलेले चकचकीत माठ येतात, दिसायला छान असतात पण रंगानं सगळी छिद्रं बुजलेली असतात, त्यात पाणी गार होणारच नाही, तो माठ अन् स्टीलची टाकी सारखीच. माठ घेताना बाहेरून हात फिरवून बघा, खरखरीत, कोरा लागला पाहिजे. काळा माठ जास्त गार करतो असं बरेच जण म्हणतात. काळा रंग भट्टी बंद करून धुरात भाजल्यानं येतो, गारव्याशी त्याचा संबंध नाही, छिद्रं किती आहेत त्याच्याशी आहे.

आमच्याकडं अजून एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठानं जो खारपाणपट्टा आहे तिथलं जमिनीतलं पाणी खारट. पाणी उडतं पण क्षार उडत नाही, तो मागंच राहतो, माठाच्या अंगावर पांढरी पावडर धरते ना तो तोच. दोन-तीन महिन्यांत छिद्रं बुजायला लागतात अन् मग आई म्हणते माठ "मेला". माठ मेला नाही, त्याचा श्वास कोंडला. काथ्यानं बाहेरून अन् आतून साध्या पाण्यानं घासा, साबण अजिबात नको, साबण छिद्रात बसतो अन् पाण्याला वास मारतो. थोडे दिवस सुधारतो, पण आमच्या पट्ट्यात दर उन्हाळ्याला नवा माठ घेणं हेच खरं. आणि माठ कोपऱ्यात, कपाटामागं ठेवू नका, घडवंचीवर, सावलीत, जिथं वारा लागेल तिथं ठेवा, ओलं फडकं गुंडाळलं तर अजून बरं.

मग पावसाळ्यात काय बिघडतं? माठ तोच, छिद्रं तीच, पाणी झिरपतंय पण तेवढंच. पण हवेला तहान नाही.

ही हवेची तहान समजली की बाकी सगळं आपोआप उलगडतं. हवेत पाण्याची वाफ मावायला मर्यादा असते, आणि हवा जेवढी गरम तेवढी ती मर्यादा मोठी. मे महिन्यात आपल्या विदर्भात दुपारची हवा ४४-४५ डिग्रीची, तिला भरपूर वाफ पाहिजे असते पण तिच्याजवळ असते फक्त १५-२० टक्के. म्हणून ती दिसेल तिथून पाणी ओढते, माठावरून, वाळत घातलेल्या लुगड्यावरून, आपल्या ओठांवरून, काळ्या जमिनीतून सुद्धा, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या काही नुसत्या उन्हानं नाही. जून-जुलैत समुद्रावरून आलेली हवा आधीच पोट भरून आलेली असते, ८०-९० टक्के, ती तुमच्या माठाकडं बघत पण नाही. कपडे श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाहीत अन् थंडीत, ऊन कमी असून, दुपारपर्यंत कडक वाळतात, हे पण त्यामुळंच, थंडीतली हवा गार असते पण कोरडी असते.

आता कूलर. हा माझा धंदा आहे म्हणून यावर जरा जास्त लिहिणार.

कूलर म्हणजे मोठा माठ, ज्याला पंखा बसवलाय. बाहेरची गरम कोरडी हवा ओल्या ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या पॅडमधून, आत येते, येताना ताटीतलं पाणी उडतं, उडताना हवेचीच उष्णता खातं, अन् हवा गार होऊन तुमच्या अंगावर येते. ताटी वाळ्याची असो, वूडवूलची असो की आता निघालेल्या हनीकोंबची असो, काम एकच, पाणी पसरवून हवेला दाखवायचं. मोठा पत्र्याचा कूलर मे महिन्याच्या भर दुपारी तासाला दहा लिटरच्या वर पाणी सहज पितो. लोक म्हणतात पाणी फार खातो, अरे पण ते पाणी खातो म्हणूनच तर गारवा देतो! दहा लिटर पाणी उडालं म्हणजे तासाला ५८०० किलोकॅलरी उष्णता गेली. एक टनाचा एसी तासाला साधारण ३००० किलोकॅलरी ओढतो. म्हणजे हिशोबानं तुमच्या खिडकीत दोन टनाचं यंत्र बसलंय अन् वीज खातंय फक्त पंख्याची अन् पंपाची, दीडशे-दोनशे वॅट. फरक एवढाच की ही गार केलेली हवा खोलीत अडकून राहत नाही, पुढं निघून जाते, आणि गेलीच पाहिजे.

इथंच शंभरातले पन्नास लोक चुकतात. मला उन्हाळ्यात जे फोन येतात, "भाऊ, कूलर थंडी हवा नाही देऊन रायला", त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी कूलरला हात पण लावत नाही, जाऊन फक्त समोरची खिडकी उघडतो. मागच्या वर्षी एका घरी गेलो, नवाकोरा कूलर, पोराचं लग्न झालं म्हणून घेतलेला, दार बंद, खिडकी बंद, पडदे लावलेले, फरशी ओली झालेली, गादी दमट, सगळे घामानं निथळत बसलेले. म्हटलं खिडकी उघडा. घरचे काका म्हणाले, "गार हवा बाहेर जाईन ना भाऊ!" त्यांना समजावलं की काका, कूलर आत हवा ढकलतो तेवढीच बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर तीच ओली हवा खोलीत साठत जाते, तासाभरात खोलीत मे महिना संपून जुलै लागतो. दहा मिनिटांत खोली बदलली. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे, कूलरचं तोंड आहे निदान तेवढी तरी जागा, थोडी जास्तच बरी. अन् कूलर खोलीच्या आत ठेवून चालवायचा नाही, तो खिडकीच्या बाहेरच पाहिजे, पाठ बाहेरच्या हवेकडं, शक्यतो सावलीत.

कूलर चालेल का नाही हे ओळखायची माझी एक युक्ती आहे, भाचीला पण हेच करायला सांगितलंय. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा थर्मामीटर घ्यायचा, तापाचा नाही. सावलीत टांगून तापमान बघायचं. मग त्याच्या खालच्या फुग्याला सुती कापडाची चिंधी गुंडाळायची, पाण्यात भिजवायची, अन् पुठ्ठ्यानं पाच मिनिटं वारा घालायचा. पारा उतरत जातो अन् एका ठिकाणी थांबतो. मे महिन्यात कोरडा ४५ दाखवतो तेव्हा ओला २३-२४ वर येऊन थांबतो, एकवीस-बावीस डिग्रीचा फरक! चांगल्या ताटीचा कूलर या फरकातला चार पंचमांश भाग मिळवून देतो, म्हणजे ४५ ची हवा २८ ची होऊन येते. जुलैत कोरडा ३२ असतो अन् ओला २९. आता तीन डिग्रीच्या फरकात कूलर बिचारा काय करणार, कंपनी कोणतीही असो. फरक पंधराच्या वर असला की कूलर मस्त, आठ-दहा असला की बरा, अन् पाचच्या खाली आला की पंपाचं बटण बंद करायचं अन् नुसता पंखा चालवायचा. पावसाळ्यात पंप चालू ठेवून लोक स्वतःच्या घरात दमटपणा विकत घेतात.

बर्फाचं पण सांगतो कारण हे दरवर्षी विचारतात. कूलरच्या टाकीत बर्फ टाकला तर? एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो. एक लिटर पाणी उडताना ५८०. पाच किलो बर्फ आणून टाकला तर त्यानं जेवढं काम होतं तेवढं पाऊण लिटर पाणी ताटीवरून उडून करतं, ते पण चार-पाच मिनिटांत. बर्फाचे पैसे वाचवा, त्यात दोन नव्या ताट्या येतील. ताटी जुनी झाली, दबली, मध्ये पोकळ पडली की हवा तिथूनच कोरडी आत घुसते, गारव्याची अर्धी गळती तिथं असते. दुसरी गळती वरच्या पन्हाळीत, तिची भोकं क्षारानं बुजतात अन् ताटीचा एक पट्टा कोरडा राहतो, ताटीला हात लावून बघा म्हणजे कळेल, तारेनं भोकं मोकळी करा. अन् खारपाणपट्ट्यात असाल तर दोन-तीन दिवसांनी टाकीतलं पाणी पूर्ण काढून टाका, कारण पाणी उडत जातं तसं उरलेलं अजून खारट होत जातं, नुसतं वरून भरत राहिलात तर महिन्यात ताटी दगडासारखी होते.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून पुसायची, ते डासांसाठी पण. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, अन् अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी सुद्धा कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, घासावंच लागतं.

आणि एक गोष्ट विषय सोडून असली तरी सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. कूलरनं आपल्याकडं दर उन्हाळ्यात माणसं मरतात, करंट लागून. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, अनवाणी पाय, अन् पाणी भरता भरता पोराचा हात बॉडीला लागतो. आमच्या शेजारच्या गावात असा एक तरुण गेला, मी दुसऱ्या दिवशी तो कूलर उघडून बघितला, पंपाच्या वायरचं इन्सुलेशन उंदरानं खाल्लेलं होतं अन् प्लगला तिसरी पिनच नव्हती, दोन पिनचा लावलेला. तो कूलर मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. म्हणून हात जोडून सांगतो, पाणी भरायच्या आधी फक्त बटण बंद करून थांबू नका, प्लग उपसून काढा. तीन पिनचाच प्लग लावा अन् अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत गेलंय का ते मेकॅनिककडून तपासून घ्या, आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा पण कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी टाकत जा. घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, ते अर्थिंगची जागा घेत नाही पण करंट गळायला लागला की पापणी लवायच्या आत लाइन तोडतं. लहान पोरांना कूलरच्या जवळ ओल्या पायानं जाऊ देऊ नका.

आता घामाचं. मे मधे ४४ मध्ये बरं अन् जूनमध्ये ३६ मध्ये जीव नकोसा, हे भाचीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे अन् याचं उत्तर तुम्हाला आता येतंच. आपलं शरीर पण माठच आहे. उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, तो सगळा अंगावर उडाला तर तीच ५८० किलोकॅलरी बाहेर. मे महिन्यात घाम आलेला कळत पण नाही, येतो तसा उडतो, अंगरख्यावर पांढरे मिठाचे डाग तेवढे राहतात. जूनमध्ये, मृग लागायच्या आसपास, ढग येतात, हवा ओली होते, घाम येतो तेवढाच पण उडत नाही, कपाळावरून टपटप गळतो. गळलेला घाम वाया गेला. त्यानं तुमची उष्णता नेलीच नाही, पाणी अन् मीठ मात्र नेलं. म्हणून घामाच्या धारा लागलेल्या दिवशी माणूस जास्त थकतो. त्या ओल्या चिंधीचा पारा ३५ वर गेला तर धडधाकट माणूस सुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून काही तासांच्या वर टिकू शकत नाही अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी काढलीय, आणि प्रत्यक्षात त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हाताऱ्यांना अन् लेकरांना तर फारच आधी.

पण मे महिन्यात बरं वाटतं म्हणून फसायचं नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदवलं गेलं होतं, अशा हवेत घाम उडतो खरा, पण तो बनवायला पाणी कुठून आणणार, तुम्ही प्यालात तरच. न कळता उडणारा घाम जास्त धोक्याचा, कारण तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पन्हं, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हे आपल्या घरचंच औषध आहे, त्यात पाणी पण आहे अन् मीठ पण. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं आजी सांगायची, तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही, कांद्यावर भरवसा ठेवून कोणी पाण्याची बाटली घरी विसरू नये. डोक्याला बांधलेला दुपट्टा मात्र खरं काम करतो, अन् तो ओला करून बांधला तर मग तुम्ही कूलर डोक्यावर घेऊनच फिरताय.

पंख्याचं पण लक्षात घ्या. पंखा हवा गार करत नाही. उलट साठ-सत्तर वॅटची मोटर तेवढी उष्णता खोलीत टाकते. तो फक्त अंगाजवळची ओली हवा हटवून कोरडी आणतो म्हणजे घाम लवकर उडतो. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून खोली गार राहत नाही, फक्त बिल येतं. आणि खोलीतलीच हवा ४० डिग्रीच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगाला तापवतो, आपली कातडी ३५ च्या आसपास अन् पंखा तिच्यावर ४२ ची हवा मारतोय, जागतिक आरोग्य संघटनेनं पण ४० च्या वर नुसत्या पंख्यावर अवलंबून राहू नका असं सांगितलंय. तेव्हा अंग ओलं करा, ओला पंचा अंगावर घ्या, मग पंखा लावा. कोणाला ऊन लागून तो बरळायला लागला, अंग तापून निघालं, तर हेच करायचं, सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी टाकून जोरात वारा घालायचा अन् १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

चहा बशीत ओतला की लवकर निवतो ते पण हेच, पाण्याला उडायला जागा जास्त मिळते. फुंकर मारली की वरची वाफेची चादर हटते.

विहिरीचा प्रश्न मात्र वेगळ्या घरचा आहे. थंडीत विहिरीतून वाफा निघतात म्हणजे पाणी गरम झालेलं नसतं, आपण गार झालेलो असतो. जमीन फार आळशी आहे, दिवसभराचं ऊन एक हातभर खाली जाईपर्यंत रात्र होते, उन्हाळ्याची उष्णता दहा मीटर खाली पोचेपर्यंत ऋतूच बदलतो, अन् त्याच्या खाली वर्षभर जवळपास एकच तापमान राहतं, त्या गावाचं वर्षाचं सरासरी जेवढं तेवढं. आपल्या विदर्भात ते २७ च्या आसपास येतं. माझी सासुरवाडी मेळघाटच्या पायथ्याशी आहे, तिथं गोड्या पाण्याची खोल दगडी विहीर आहे. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० डिग्री असतं अन् २७ चं पाणी अंगावर घेतलं की ऊबदार वाटतं, मे मधे बाहेर ४४ असतं अन् त्याच पाण्यानं अंग शहारतं. थर्मामीटर सोडून बघितला तर दोन्ही वेळा पारा एक-दोन डिग्रीच्या फरकानं तिथंच. आपली कातडी तापमान मोजत नाही, फरक मोजते. आणि वाफ दिसते कारण विहिरीवरची ऊबदार ओली हवा वर येऊन गार हवेत मिसळली की तिच्यातली वाफ मावत नाही, बारीक थेंब होऊन दिसायला लागते, थंडीत तोंडातून निघते तशीच.

राहिली म्हैस. गाय-बैलाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, आपल्या गवळाऊ किंवा खिल्लार बैलाची कातडी पातळ, केस आखूड, रंग पांढरा, तो भर उन्हात औताला चालतो तेव्हा त्याच्या मानेवर हात ठेवून बघा, ओली लागते. म्हशीला घामाच्या ग्रंथी खूपच कमी, वरून कातडी काळी अन् जाड, केस विरळ, ऊन सगळं शोषून घेते. तिच्याजवळ स्वतःचं पाणी नाही म्हणून ती बाहेरचं घेते. नुसत्या पाण्यातून निघाली तर अंग दहा मिनिटांत कोरडं, पण चिखल अंगावर बसला की तो पाणी धरून ठेवतो अन् हळूहळू उडू देतो, म्हणजे ती माठच पांघरून येते. गोमाशा पण चावत नाहीत. तिला चिखलातून हाकलून आणणाऱ्या पोरांना हे सांगितलं पाहिजे.

हे ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांनी लक्ष देऊन वाचा. दुपारी म्हशीवर पाणी मारता ते चांगलंच आहे, पण बरेच जण लू आत येऊ नये म्हणून गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधतात, वर टिनाचं छप्पर, अन् आत पाणी मारतात. दार-खिडकी लावून कूलर चालवणाऱ्या त्या काकांच्या खोलीसारखंच होतं मग, म्हैस ओली असते पण पाणी उडायला हवाच नसते, ती धापा टाकते अन् दूध कमी होतं. ऊन ज्या बाजूनं येतं ती पश्चिमेची बाजू तेवढी झाका, तिथं जुनी पोती बांधून ओली ठेवा, समोरची बाजू पूर्ण मोकळी सोडा. एक्झॉस्टचा जुना पंखा पडला असेल तर तो त्या मोकळ्या बाजूला, म्हशीच्या तोंडाच्या उंचीच्या वर, बाहेर हवा फेकणारा बसवा, म्हणजे गोठ्यातली ओली हवा बाहेर निघून जायला मदत होते. वायर मात्र पाइपातून न्या अन् म्हशीच्या शिंगाला लागणार नाही एवढी उंच.